विचारा की! : झाडं नसलेल्या जंगलातलं लॉज

मागच्या अंकात आमच्या चार खोल्यांबद्दल लिहिलं होतं, सोलापूरहून बार्शी रोडने नान्नजच्या बाजूला माळाच्या कडेला आम्ही घरचे सहाजण मिळून जे चालवतो ना, त्याबद्दल. त्यावर एवढी पत्रं आली की सासूबाई म्हणाल्या, "खोल्या बंद कर आणि पोस्ट ऑफिस काढ." सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यातली पाच घेतलीत. नावं मुद्दामच छापलेली नाहीत, कारण एका पत्रात नवऱ्याच्या तक्रारी आहेत आणि तो नवराही हा अंक वाचतो म्हणे.

ताई, आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मिस्टरांनी व्हीआरएस घेतलीय. मोहोळ तालुक्यात सासऱ्यांची सात एकर जमीन आहे, त्यातली पाच एकर नुसता मुरमाड माळ, काहीच पिकत नाही. मागच्या दिवाळीत ताडोब्याला गेलो तेव्हा एका कुटुंबाच्या इको-लॉजमध्ये राहिलो, आईबाप आणि दोन पोरं सगळे मिळून चालवतात, तेव्हापासून आमच्या घरात सगळेच पेटलेत. प्लॅन असा की या पावसाळ्यात दोन हजार झाडं लावायची, पाच-सहा वर्षांत जंगल तयार होईल, मधे आठ कॉटेज. नर्सरीवाल्याला ॲडव्हान्स द्यायचाय. कोणती झाडं लावू?

आधी तो ॲडव्हान्स थांबवा. दिला असेल तर परत मागा, नाही मिळाला तर त्याच्याकडून आंब्याची चार रोपं आणून घराजवळ लावा आणि विषय संपवा.

तुम्हाला वाटतंय की तुमच्याकडे जंगल नाही आणि ते तयार करायचंय. पण ज्याला तुम्ही "नुसता माळ" म्हणताय तेच इथलं जंगल आहे हो! आपल्याकडे जंगल म्हटलं की साग, बांबू आणि मधून जाणारी जिप्सी एवढंच डोळ्यापुढे येतं, आणि सोलापूरचा माणूस तर स्वतःच्या जिल्ह्याला ओसाड म्हणण्यात पटाईत. त्या माळावर कुसळी, पवना, मारवेल ही गवतं आहेत का बघा. असतील तर त्यांच्या आधाराने जगणारं बरंच काही असणार, चंडोल, पखुर्डी, धाविक असे जमिनीवर राहणारे पक्षी, खोकड म्हणजे छोटा कोल्हा, नशीब असेल तर काळवीट आणि त्यांच्या मागावरचा लांडगा. हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात, पार मध्य आशियातून, आणि संध्याकाळी गवताला पोट लागेल इतक्या खालून तरंगत जातात. हे सगळे उघड्यावर राहणारे जीव आहेत, त्यांना लांबपर्यंत दिसायला पाहिजे, गर्द झाडी म्हणजे त्यांच्यासाठी घरात कुणीतरी कपाटं आणून कोंबल्यासारखं.

आम्ही हे शिकलो ते चूक करूनच. पहिल्या वर्षी ह्यांनी हौसेने कुंपणाला चाळीस कडुलिंब लावले, वर माळाच्या मधोमध गिरिपुष्पाची दोन रांगा रोपं. कडुलिंब वाढले, त्यावर कावळे बसायला लागले, शिक्रा बसायला लागला, आणि उंचावरून बसून खालची अंडी-पिल्लं टिपणं त्यांना एकदम सोपं झालं. त्या बाजूच्या पट्ट्यात पुढच्या दोन वर्षांत चंडोलाचं एक घरटं सापडलं नाही. गिरिपुष्प तर उपटता उपटता नाकी नऊ आले, एक तोडलं की बुडख्यातून पाच फुटवे. झाडं लावायचीच तर ओढ्याच्या काठाने आणि बांधावर, तीसुद्धा इथलीच, बोर, बाभूळ, हिवर. आणि वेडी बाभळ असेल तर ती मात्र काढा, तिला मुळासकट खणावं लागतं, तोच तुमचा पावसाळ्याचा कार्यक्रम.

माळ म्हणजे काय ते एका प्रसंगावरून सांगते. मे महिन्यात एका सकाळी तीन नंबरच्या खोलीकडे चहा घेऊन चालले होते आणि पायवाटेच्या जरा बाजूला एक धाविक उठून तुरुतुरु पळाला. मी थांबले आणि खाली बघितलं, काहीच नाही. पाच मिनिटं उकिडवी बसले तेव्हा दिसली, दोन अंडी, खड्यांत आणि शेळीच्या लेंड्यांत, घरटं म्हणून एक काडीसुद्धा नाही. चहा गार. धाकटा म्हणाला, भोवती दगड लावू म्हणजे कुणाचा पाय पडणार नाही. पण दगड लावले की कुत्र्यांना आणि कावळ्यांना आपणच पत्ता दिल्यासारखं होतं, मग आम्ही पायवाटच बंद केली, तीन नंबरच्या पाहुण्यांना गोठ्यामागून लांबून फिरून जायला लागायचं, एकजण फार कुरकुरला. त्याला लांबूनच दुर्बिणीतून दाखवलं, तेव्हापासून चेकआऊटपर्यंत तोच बाकीच्यांना "तिकडून जाऊ नका" सांगत होता.

आता कागदपत्रं. नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा ते कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर जिल्हा मिळून, गावंच्या गावं आणि शेतं त्यात. लोकांची खरेदी-विक्री अडकली, माळढोकाच्या नावाने बोटं मोडली गेली, पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. त्यामुळे तुमचा गट नंबर आत आहे, बाहेर आहे की इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये, म्हणजे अभयारण्याभोवतीच्या निर्बंधांच्या पट्ट्यात आहे हे सगळ्यात आधी उपवनसंरक्षकांच्या ऑफिसात सातबारा घेऊन जाऊन विचारा, कुणी एजंट "मी बघतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. मग ग्रामपंचायत, अकृषिक परवानगी लागते का ते तहसीलला, जेवण देणार म्हणून अन्नसुरक्षेचं रजिस्ट्रेशन. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलंय, त्याची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते, दोन एकरात खरंच शेती करत असाल तर तो रस्ता बघा. परदेशी पाहुणा ठेवला तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आणि आठ कॉटेज नकोत. दोन खोल्या काढा, तेही दुसऱ्या वर्षी. पहिल्या हिवाळ्यात फक्त हुरडा ठेवा, गुळभेंडी ज्वारी पेरा, शेतात आगटी पेटवा, गोवऱ्यांवर कणसं भाजून गरम गरम हातावर चोळून द्या, सोबत शेंगाची चटणी, गूळ, दही. सकाळी येऊन संध्याकाळी जाणारे पाहुणे. लोकांशी वागायला तुम्हाला झेपतं का, मिस्टरांना एकच प्रश्न दिवसातून वीस वेळा आला तर चिडचिड होते का, हे त्यात कळतं. व्हीआरएसचे पैसे सगळे सिमेंटात घातल्यावर कळून उपयोग नाही.

मी पुण्यात आयटीत आहे, आईवडील करमाळ्याकडे उजनीच्या काठाला. तिथे पाच खोल्यांचं पूर्ण सोलरवर चालणारं सस्टेनेबल लॉज काढायचंय. पुण्याचं क्राऊड येणार म्हणजे एसी आणि छोटा पूल पाहिजेच. किती किलोवॅट लावू?

हिशोब तूच कर, इंजिनिअर आहेस. आपल्याकडे एक किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी चार युनिट देतं. दीड टनाचा एसी तासाला सव्वा-दीड युनिट खातो, पाच खोल्या, रात्रीचे आठ तास, म्हणजे पन्नास-साठ युनिट नुसती हवा गार करायला, आणि तीही रात्री, म्हणजे सगळं बॅटरीतून. पंधरा किलोवॅट आणि एवढी मोठी बॅटरी लावून वर "सस्टेनेबल" अशी पाटी लावायची तर लाव बाबा. आमच्याकडे तीन किलोवॅट आहे, बारा युनिटात दिवे, पंखे, फ्रीज, मोटर सगळं बसतं. अंघोळीचं पाणी वेगळ्या सोलर हीटरवर.

गारव्यासाठी तुझ्या आजोबांचं घर कसं होतं ते वडिलांना विचार. दोन-दोन हात जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती आणि वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छत, बरोबर ना? बाहेर बेचाळीस असताना आत निवांत झोप लागायची. आमच्या दोन खोल्या तशाच आहेत. फुकटात काही मिळत नाही मात्र, दरवर्षी मिरगाच्या आधी वर चढून खारी माती पसरून नीट चोपावी लागते, एका वर्षी आम्ही आळस केला आणि रात्री दोन वाजता पाहुण्यांच्या उशीवर टपटप. हे काम येणारी माणसं कमी होत चाललीत, गावात एखादे म्हातारबाबा असतील तर त्यांना आत्ताच गाठ.

पूल विसर. आपल्या जिल्ह्यात वर्षाचा पाऊस धर साधारण साडेपाचशे मिलीमीटर. एक चौरस मीटर छतावर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटर छत असेल तर पंचावन्न हजार लिटर, गळती-बिळती जाऊन चव्वेचाळीस हजार हाताला लागतं. दहा पाहुणे, माणशी सत्तर लिटर, म्हणजे रोजचे सातशे, म्हणजे फुल्ल असताना दोन महिनेच. आणि ही सगळी बादलीने अंघोळ धरून, शॉवर धरलाच नाहीये. उजनी समोर दिसतेय म्हणून पाणी आपलं असं होत नाही, उन्हाळ्यात ते पाणी कुठल्या कुठे मागे जातं तुला माहितीय, मधे नुसता गाळ. अंघोळीचं, भांड्यांचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून फिरवून मग केळींना सोड. शौचालय दोन खड्ड्यांचं, एक भरला की दुसरा चालू करायचा, वर्ष-दीड वर्षाने पहिल्यातून खत निघतं, वास अजिबात नाही, पाहुण्यांना आधी सांगूच नकोस नंतर सांग.

अजून एक, पांघरूण. सोलापुरी चादर ठेवणार असशील, ठेवायलाच पाहिजे, जीआय टॅग आहे आपल्या चादरीला, पण ती धुवायला किती पाणी पिते माहितीय का! आमची पहिल्या वर्षीची बोअर एप्रिलमध्ये आटली त्यात निम्मा वाटा चादरींचा. आता खाली पातळ सुती चादर, ती प्रत्येक पाहुण्याला नवी, आणि वरची सोलापुरी कडक उन्हात टाकून, झटकून.

तुमच्या इथे हिवाळ्यात रोहित म्हणजे फ्लेमिंगो येतात, पट्टकदंब हंस येतात, हिमालय ओलांडून. त्यांच्यासाठी लोक येतील, पूलसाठी नाही. फक्त बोटवाल्याला एक सांगून ठेव, फोटोसाठी थवा उडवायचा नाही. उडवला तर पैसे नाही. आम्ही असा नियम जिप्सीवाल्यासाठी केला तेव्हा तो तीन महिने बोलत नव्हता, आता तोच दुसऱ्यांना ऐकवतो.

ताई, सगळे म्हणतात किती छान, पूर्ण फॅमिली मिळून ॲडव्हेंचर करताय. ॲडव्हेंचर मिस्टरांचं आणि दिरांचं. ते सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून गेस्टना घेऊन जातात, मी साडेचारला उठून चूल पेटवते. शनिवार-रविवार चाळीस-पन्नास भाकऱ्या. तीन वर्षांत मी एकदाही लांडगा बघितला नाही. बोलले की म्हणतात, आपलाच तर बिझनेस आहे. — एक सून, बार्शी

तुमचं पत्र मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तिला सांग, भाकरी थापणं बंद कर, मग कळतंय कुणाचा बिझनेस हाय ते."

मी तेच केलं होतं. तिसरा हिवाळा, ऐन जानेवारी, गड्ड्याची यात्रा चालू, सगळ्या खोल्या फुल्ल, आणि मी बॅग भरून अक्कलकोटला माहेरी गेले, आठ दिवस. भांडून नाही हां, गोड बोलून, आईच्या गुडघ्याचं निमित्त काढून. तिसऱ्या दिवशी ह्यांचा फोन, पीठ किती मळायचं? चौथ्या दिवशी फोटो आला, ताटात महाराष्ट्राच्या नकाशासारखी भाकरी, कोकणाचा भाग करपलेला. सहाव्या दिवशी फोन नाही आला, तेव्हा मात्र मलाच काळजी वाटली. परत आले तर पडवीत गावातल्या दोघीजणी बसून भाकऱ्या थापतायत आणि हे वहीत त्यांचा हिशोब लिहितायत, भाकरीमागे दर ठरवलेला. म्हणजे मी करत होते तेव्हा तिला किंमत नव्हती, दुसऱ्या कुणी केली की लगेच दर ठरला! हे मी बोलून दाखवलं, अजूनही दाखवते, वर्षातून दोनदा तरी.

मग आम्ही बसून सगळं काम लिहून काढलं, अगदी सगळं, डास मारायची बॅट चार्ज करण्यापासून. अठ्ठावन्न कामं निघाली आणि त्यातली एकतीस माझ्या नावावर होती. मोठ्या मुलीने ती मोजली, ती आठवीत होती तेव्हा, आणि बापाकडे असं बघितलं की पुढे मला काही बोलावंच लागलं नाही. आता भाकऱ्या त्या दोघी करतात, कडक भाकरीचा साठा सासूबाई करतात आणि त्याचे पैसे दरमहा त्यांच्या स्वतःच्या खात्यात जातात, त्यातून त्यांनी गेल्या वर्षी एक म्हैस घेतली, आम्हाला न विचारता. बुकिंगचा फोन ह्यांच्याकडे. चादरी दीर. मंगळवार बंद म्हणजे बंद, कुणीही येऊ दे. पोरांच्या परीक्षेच्या महिन्यात दोनच खोल्या.

आणि सकाळची फेरी मी घेते, आठवड्यातून चार दिवस. पहिले दोन महिने मला काहीच दिसायचं नाही, नुसतं गवत, पाहुणे विचारायचे हा कुठला पक्षी आणि मी म्हणायचे थांबा हं, आणि पुस्तक उघडेपर्यंत तो गायब. शिकवलं मला एका धनगर बाबांनी. ते मेंढरं घेऊन जाताना उभं राहून सांगायचे, ती टिटवी बघ कुणाकडं तोंड करून ओरडायलीय, तिकडं काहीतरी हाय. एकदा त्या टिटवीच्या तोंडाच्या दिशेने दुर्बीण लावली आणि खोकडाची मादी, मागे तीन पिल्लं बिळाच्या तोंडाशी एकमेकांचे कान ओढतायत. कॅमेरा नव्हता माझ्याकडे. बरं झालं.

तुम्ही माहेरी जा, गुडघ्याचं निमित्त चालतं. आणि परत आल्यावर सकाळची फेरी मागून घ्या, दिर काय म्हणतील ते म्हणू देत.

दोन दिवस एका "माळढोक स्टे"मध्ये राहिलो. माळढोक दिसला नाही. पैसे परत मागावेत का?

नावातच माळढोक घातला असेल तर मागा, मिळणार नाहीत पण मागा.

गंमत बाजूला. अख्ख्या देशात मोकळ्या रानात दीडशेसुद्धा उरलेले नाहीत हो, त्यातले बहुतेक राजस्थानात. नान्नजला कधीतरी एखादा दिसला की वनखात्याची माणसं सणासारखी खूश होतात. पंधरा किलोपर्यंत वजनाचा नर, मादी वर्षाला बहुतेक एकच अंडं घालते तेही जमिनीवर, आणि समोरचं नीट दिसत नाही त्यामुळे उडताना विजेच्या तारांना धडकतात. असा पक्षी दाखवतो म्हणून कुणी पैसे घेत असेल तर एकतर तो खोटं बोलतोय किंवा खरंच दिसला तर त्याच्या मागे गाडी घालणार, दोन्ही वाईट. आम्ही बुकिंगलाच सांगतो, माळढोक दिसणार नाही, चंडोल दिसेल. निम्मे लोक तिथेच फोन ठेवतात, आणि जे येतात ते बरे असतात.

मी सहावीत आहे. आम्ही मे महिन्यात तुमच्याकडे येणार आहोत. लांडगा माणसाला खातो का? आणि साप आहेत का? आई म्हणते विचार.

आईला सांग, साप आहेत. माळ आहे म्हटल्यावर असणारच. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं. फुरसं अगदी छोटं असतं, वीतभर-दीड वीत, वेटोळं करून अंगाला अंग घासतं आणि करवतीसारखा खरखर आवाज काढतं, तो आवाज ऐकू आला की जागच्या जागी थांबायचं आणि सावकाश मागे यायचं. आमच्याकडे तीन नियम आहेत, बूट घालायच्या आधी झटकायचे, अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही, दगड उचलून बघायचा नाही. आणि चावलाच कुणाला तर घट्ट दोरी बांधायची नाही, ब्लेड लावायचं नाही, मंत्र-बिंत्र नाही, १०८ ला फोन आणि सरळ मोठं हॉस्पिटल. गाडी रात्रभर तोंड रस्त्याकडे करून उभी असते आमची, तू आलास की बघशील.

लांडगा आपल्याला लांबूनच बघून वाट बदलतो. शेळ्या-मेंढ्या मात्र उचलतो, म्हणून मेंढपाळांची कुत्री असतात. त्याच्या जवळ जायचं नाही, खायला टाकायचं नाही, फोटोसाठी मागे पळायचं नाही, एवढं केलं की झालं.

आमच्याकडे रात्री दिवे फार नसतात, आधीच सांगून ठेवते. पूर्वी आम्ही मोठा हॅलोजन लावला होता, पाहुण्यांना भीती वाटू नये म्हणून, तर सकाळी त्याखाली किड्यांचा पार सडा पडायचा, झाडूने गोळा करावा लागायचा. तो काढला. आता पायरीशी गुडघ्याएवढ्या उंचीचे पिवळे छोटे दिवे आहेत, नऊनंतर तेही बंद. पहिल्या रात्री तुला झोप येणार नाही. मग आमचा धाकटा आहे, तुझ्याच वयाचा, तो तुला अंगणातल्या बाजेवर बोलवेल, आणि ऐकत पडायचं. आधी रातवा पक्षी वाजेल, चुकचुक चुकचुक, दगडावर गोटी टाकल्यासारखा. मग बराच वेळ काही नाही. आणि नशीब असलं तर पहाटे लांबून एक आवाज येतो, कुत्र्यासारखा नाही, एकजण सुरू करतो आणि खाली उतरायच्या आत दुसरा वर घेऊन जातो. आमची कुत्री तेव्हा बाजेखाली येऊन बसते, तिला हाकलू नकोस.

येताना स्वेटर नको, मे आहे. टोपी आण.